एका झेरॉक्स कागदाचे सहा चौकोन

तालुक्याच्या दुकानात ओरिगामीचा खास कागद मिळत नाही. त्यावाचून काही अडतही नाही. झेरॉक्सचा साधा ए-फोर, ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा), पुरतो. फक्त त्याला मानवेल असं काम निवडायचं. पहिल्याच दिवशी छोटा बगळा करायला बसू नका. दहा सेंटिमीटरच्या झेरॉक्स कागदात मान आणि शेपटीशी इतके थर साचतात की टोक जाडंभरडं होतं. बगळ्याला २१ सेंटिमीटरचा पूर्ण चौकोन द्या.

या कागदावर खरी शोभते ती सोनोबे घडी. जपानच्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ती ओळखली जाते. सारखे तुकडे एकमेकांत अडकवायचे, गोंद लागत नाही. ए-फोर २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा, ९.९ च्या मापाने लांबीत तीन आणि रुंदीत दोन चौकोन बसतात. एका कागदात सहा, म्हणजे बरोबर एक ठोकळा. उरलेल्या १.२ सेंटिमीटरच्या पट्टीची फुगीर चांदणी होते, ती फेकू नका. कटर आणि स्टीलची पट्टी वापरा, कात्रीने रेघ हमखास हलते. चौकोन कर्णावर दुमडून पाहा. कडा जुळल्या नाहीत तर तो बाजूला काढा.

घडी अशी. मधोमध दुमडून उघडा. दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत आणून पुन्हा उघडा. आता खालचा उजवा आणि वरचा डावा कोपरा जवळच्या पाव रेघेपर्यंत दुमडा, मग कडा परत मिटा. आडवी पट्टी तयार होते. तिचा खालचा डावा कोपरा वरच्या कडेला, वरचा उजवा कोपरा खालच्या कडेला आणा आणि दोन्ही समोरच्या पाळीखाली खोचा. पालथं करून दोन्ही टोकं आत वळवली की मधे चौकोन उरतो. टोकं म्हणजे जिभा, पुढच्या बाजूच्या दोन फटी म्हणजे खिसे.

इथेच बहुतेकांचं बिनसतं. एका तुकड्यात पट्टीचा खालच्या डाव्याऐवजी खालचा उजवा कोपरा वर दुमडला गेला की तो आरशातला तुकडा होतो आणि बाकीच्यांत शिरतच नाही. पोट्टे चार-पाच जण मिळून करत असतील तर हे होणारच! एक तयार तुकडा मधे ठेवा, प्रत्येक नवा त्याच्यावर ठेवून तपासा.

ठोकळा जमला की दोन कागदांचे बारा तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याचा मधला चौकोन, तुकड्याच्या दोन बोथट कोपऱ्यांना जोडणाऱ्या कर्णावर दुमडा. खिशांच्या बाजूने ही घडी आत, जिभांची मात्र उलट. तीन तुकड्यांचा एक सुळका, असे आठ सुळके, आणि प्रत्येक खोलगट सांध्याशी चार सुळके. पाच कागदांचे तीस तुकडे घेतले तर वीस सुळक्यांचा गोळा होतो, पण तिथे सांध्याशी पाच हवेत. चारावरच मिटवलं की गोळा पुढे वाकडा होतो. उसवून मागे जाण्यावाचून उपाय नाही. शेवटचे दोन-तीन तुकडे बसवताना जीभ चिमट्याने ओढा, बोटाने ढकलाल तर शेजारचे निखळतात.

आपल्याकडच्या हवेचाही हिशोब ठेवावा लागतो. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात कागद कडक होतो, घडीवर तडकतो; रंगीत चकचकीत कागदावर पांढरी रेघच उमटते. कूलरच्या खोलीत तासभर ठेवलेला कागद नीट वळतो, अगदी हवेच्या झोतासमोर मात्र नको. तान्ह्या पोळ्याच्या सजावटीला चांदण्या करायच्या तर उलटी अडचण: पावसाळी कागद मऊ पडतो, जिभा निसटतात. तेव्हा घडी नखाने नव्हे, पट्टीच्या कडेने दाबा आणि झालेले तुकडे रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. तरीही सैल वाटले तर ८० जीएसएमचा कागद आणा.