संक्रांतीनंतरचा रविवार आणि आमचं पेन्शनचं टेबल

आमच्या मंडळाचा मेळावा दरवर्षी संक्रांत झाली की त्यानंतरच्या रविवारी असतो, साताऱ्यात. माजी सैनिक, त्यांच्या घरची माणसं, वीरमाता, वीरनारी म्हणजे शहीद जवानांच्या आया आणि बायका, सगळे येतात, कोरेगाव, जावळी, खटाव, माण कुठून कुठून एसटीनं येतात. आपल्या जिल्ह्यात फौज म्हणजे घरातलीच गोष्ट आहे. अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ आहे तिथे. त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही विचारा, आजा फौजेत, बाप फौजेत, आता नातू अकॅडमीत पळतोय.

मी स्वतः फौजेतल्या घरातली नाही. मी बँकेत होते, बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरला. मग ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पुण्याला झालं आणि नोकरी सोडली. ट्रीटमेंट चालू असताना एक बरं असतं, पुढची तारीख ठरलेली असते, आपण त्या तारखेसाठी जगतो. ती संपली, डॉक्टर म्हणाले आता सहा महिन्यांनी या, आणि मी घरात नुसती बसून. येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा, हातातलं भांडंसुद्धा काढून घ्यायचा. माझा जीव त्यानंच जास्त गुदमरायचा खरं सांगते.

आमच्या शेजारचे रिटायर्ड सुभेदार, सगळे त्यांना सुभेदारदादा म्हणतात, ते एक दिवस आले आणि तब्येत वगैरे काही न विचारता सरळ म्हणाले, "ताई, रविवारी मेळावा आहे, पेन्शनच्या टेबलाला माहितगार माणूस नाही, तुम्ही बसा." मी म्हणलं दादा मला अजून दोन जिने चढवत नाहीत. तर म्हणाले, "टेबल खालीच आहे."

गेले मग, डोक्याला स्कार्फ बांधून. आणि सकाळपासून जी रांग लागली ती जेवणापर्यंत हललीच नाही! कुणाचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला द्यायचा राहिला आणि पेन्शन अडकली, कुणाचं स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवर, लॉगिनच होत नाही, आणि सगळ्यात जास्त काय तर नावाचा घोळ. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, म्हणजे माहेरची शालन सासरची लक्ष्मी होते, नवऱ्यानं भरती झाल्यावर रेकॉर्डला एक नाव दिलेलं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि तो असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर त्या बाईनं सिद्ध करायचं की मीच ती. मग प्रतिज्ञापत्र करा, सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवा, मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तिकडे पत्र घाला. हे सगळं मला येत होतं की! एवढी वर्षं तेच तर केलेलं. एका आजींचे अंगठे मशीन घेत नव्हतं, जन्मभर भांगलून भांगलून रेषाच उरल्या नव्हत्या बोटांवर. आता चेहऱ्यावरून मोबाइलवरच दाखला होतो तसा नंतरच्या एका मेळाव्यात केला त्यांचा, फोनकडे बघून डोळे मिचकवा म्हणलं तर आजी इतक्या लाजल्या!

त्याच आजींनी पहिल्या वर्षी माझा स्कार्फ बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "केस येत्यात गं बाई, जेवलीस का तू?" त्या दिवशी मी पोटभर जेवले, मसालेभात, मटकीची उसळ, जिलेबी, किती महिन्यांनी चव लागली.

दुपारी हळदीकुंकू असतं आणि ते बघायलाच पाहिजे. वीरनारींना मानानं पहिल्यांदा हळदीकुंकू. सुरुवातीला बऱ्याच जणी मागं सरायच्या, एकीनं तर पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारचं परिपत्रकही आलं, पण मला विचाराल तर कागदानं जेवढं झालं त्यापेक्षा शेजारी बसलेल्या बाईनं लावून घेतलं यानं जास्त झालं. आता त्या उखाणेसुद्धा घेतात. "सह्याद्रीच्या कड्यावर पावसाची सर, रावांच्या नावानं उभं माझं घर", नाव घेताना आवाज थोडा अडकला पण घेतलंच, आणि मग टाळ्या थांबेनात.

सगळं गोडच असतं असं नाही. फॅमिली पेन्शन बायकोला जाते, आई बघत राहते, त्यावरून घरं तुटलेली आहेत, सासू हॉलच्या एका टोकाला आणि सून दुसऱ्या. पोटचा पोरगा गेलेल्या आईला नियम काय सांगणार! अशा दोघींना मी वेगवेगळं ऐकून घेते, कागदाचं काय होईल ते खरं सांगते, खोटी आशा लावत नाही. दोन घरांत आता निदान सणाला येणंजाणं सुरू झालंय.

आणि पोरी! पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 2015 ला कुपवाड्यात शहीद झाले आणि 2017 ला स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट झाल्या, ते इथल्या घराघरात माहितेय, त्यामुळे टेबलाशी आईबरोबर आलेली नववीतली पोरगी मला एसएसबीचं, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या निवड मुलाखतीचं विचारते. ते मला कुठलं येतंय, मी तिला सुभेदारदादांकडं पाठवते.

चेकअप अजून चालू आहेत, डावा हात सुजतो, जड उचलायचं नाही. पण जानेवारी जवळ आला की माझे फोन सुरू होतात आणि घरातलेही आता मोठ्यानंच बोलतात, "अगं तुझ्या त्या फायली उचल टेबलावरनं, जेवायचंय."

यंदाही संक्रांतीनंतरचा रविवारच आहे. येणाऱ्यांनी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स, डिस्चार्ज बुक, आधार आणि पासबुक आणा, ज्या नावाचा घोळ असेल त्या नावाचा जुना कुठलाही कागद आणा, शाळेचा दाखला असला तरी चालेल. आणि बँकेतून रिटायर झालेलं कुणी असेल तर या बसायला, रांग एकीला आवरत नाही.