पेपर दादाचा, अक्षर माझं

आईचा फोन आला की हल्ली एकच विषय, "पैसे देतात काय गं त्याचे?" नाही म्हटलं की "मंग काऊन जातं बाप्पा तू?" फोनवर काही नीट सांगता येत नाही, मागे टीव्ही चालू असतो, बाबा मधेच बोलतात, म्हणून इथे लिहून ठेवतेय. तसंही झोप येत नाहीये, चार तास लिहून अंगठा ठणकतोय.

तर मी लेखनिक म्हणून जाते. ज्यांना दिसत नाही त्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेला शेजारी बसून ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहायचं. तीन तासांच्या पेपरला त्यांना एक तास जादा मिळतो, तासाला २० मिनिटं असा केंद्र सरकारच्या नियमांचा हिशोब आहे, आणि उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या यत्तेतला लागतो. मी एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, कॉमर्सची, आणि ज्याचा पेपर मी लिहिते तो, त्याला मी दादा म्हणते, टीवायबीएला, म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाला, इतिहास स्पेशल, त्यामुळे उत्तर मला माहीत असायचा प्रश्नच नाही. आज कायमधारा आली होती, इंग्रजांनी बंगालात जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकला ती, १७९३, कॉर्नवॉलिस वगैरे, मी शांतपणे लिहीत होते आणि मनात म्हणत होते अरे हे सारा, जमीनदार सगळं इतकं इंटरेस्टिंग होतं तर शाळेत कोणी सांगितलं का नाही.

पण हे नंतरचं. आधी फर्स्ट इयर.

अमरावती जिल्ह्यातून पुण्यात आले तेव्हा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरत्या भाड्यावर, राहायचे, मेसचा डबा, आणि वर्गात एवढी पोरं की सरांनाही चेहरे माहीत नाहीत. मी हो ला "हाव" म्हटलं की मागून कोणीतरी हाव हाव करायचं, त्यात फार वाईट हेतू नसावा पण मी बोलणंच कमी केलं. पुण्याची मुलं संध्याकाळी आपल्या घरी, सोलापूरवाल्यांचा आपला कट्टा, कोल्हापूरवाल्यांचा आपला. मी रविवारी दिवसभर कोणाशी एक वाक्य न बोलता झोपले असंही झालंय, मेसच्या काकूंना "अजून एक पोळी" म्हटलं तेवढंच.

एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दिलं ते दहा मार्कांसाठी. सगळेच त्यासाठी देतात, कोणी नाही म्हणत असेल तर त्याला एकदा खरं विचारा. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचा निवासी कॅम्प. कॅम्पच्या उद्घाटनाला एनएसएस कशी सुरू झाली यावर भाषण झालं, २४ सप्टेंबर १९६९, गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष, ३७ विद्यापीठांत सुरुवात, बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं, आणि आम्ही सगळे उन्हात उभे, अर्ध्यांचं लक्ष मागे शिजणाऱ्या पोह्यांकडे.

काम होतं टेकडीवर समतल चर खणायचं. उताराला आडवे चर, माती खालच्या बाजूला टाकायची, म्हणजे पावसाचं पाणी धावत खाली जात नाही, थांबतं आणि मुरतं. आता मी शेतकऱ्याची पोरगी, कुदळ काय नवीन नाही मला. पण तासाभरात शहरातल्या पोरांच्या हाताला फोड, एकाने तर टिकाव असा धरला होता की स्वतःच्याच पायावर मारतोय की काय. मग एकीने विचारलं, "हे कसं धरायचं गं?" मी दाखवलं. मग दुसरीने विचारलं. दुपारपर्यंत मी घमेल्यांच्या रांगेला ओरडून सांगत होते, माती इकडं टाका बे, तिकडं काऊन टाकून राह्यले! कोणी हसलं नाही, म्हणजे हसले पण वेगळं हसले, आणि संध्याकाळपर्यंत दोन पुणेकर एकमेकांना "काऊन बे" करत होते. मला फार बरं वाटलं त्या दिवशी. पुण्यात आल्यापासून मी फक्त शिकत होते, बस कुठून, फॉर्म कुठे, रांग कोणती, आणि पहिल्यांदा कोणाला तरी माझ्याकडून काहीतरी शिकायचं होतं.

आमच्या आजोबांचं गुरुदेव सेवा मंडळ होतं, तुकडोजी महाराजांचं. पहाटे ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. लहानपणी मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांना दुसरं काम नसतं म्हणून करतात. आता वाटतं गावात कोण आजारी आहे, कोणाचं काय चाललंय हे आजोबांना आधी कळायचं ते उगाच नाही, रोज पहाटे झाडू घेऊन सगळ्यांच्या दारासमोरून जायचे ते.

कॅम्प संपला आणि ग्रुपवर आठवडाभर फोटो, मग गुड मॉर्निंग, मग शांतता. हे सांगायला पाहिजे कारण लोक कॅम्पचं फार कौतुक करतात. सात दिवसांत ओळख होते, त्यापुढे काही करायला नसेल तर ती ओळख तिथेच राहते. झाड लावताना एका रोपाला सात जणांचे हात आणि समोर कॅमेरा, असल्या कार्यक्रमांना मीही गेलेय, सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे, सोबत कोण होतं ते आठवत नाही.

लेखनिकचं तसं नाही. कॅम्पमधल्याच एका सीनियर ताईने विचारलं, एका मुलाला परीक्षेसाठी लेखनिक मिळत नाहीये, येशील का. मला वाटलं जायचं, लिहायचं, यायचं. पण दादाने परीक्षेच्या कितीतरी आधी बोलावलं, म्हणे आधी मला तुझं वाचन ऐकू दे. मी भराभरा वाचलं तर म्हणाला, "घाई नको करू, मला कॉमा ऐकू आला पाहिजे." आणि पाचव्या मिनिटाला, "तू वऱ्हाडातली का गं?" मी गप्पच झाले. तर म्हणाला, छान आहे, तुझा आवाज गर्दीत लगेच सापडेल मला.

मग वाचन सुरू झालं. लोकांना वाटतं आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो. दाखवतो, पण टाइप केलेलं. आपल्याकडे नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा फोटो, त्याची पीडीएफ, त्यात कडेला कोणीतरी पेनाने लिहिलेलं, स्क्रीन रीडर बिचारा काय वाचणार. म्हणून आम्ही तिघं चौघं धडे वाटून घेतो आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो. मी लायब्ररीच्या मागच्या जिन्यात बसते, तिथे पंख्याचा आवाज येत नाही. एखाद्या आठवड्यात माझा धडा गेला नाही तर दादाचा मेसेज येतो, तब्येत बरी आहे ना? पुण्यात मी नसले तर कोणाच्या तरी लक्षात येतं, आई, हे कसं सांगू तुला फोनवर.

आणखी एक झालं. सेमिनारला मला प्रेझेंटेशन होतं, दोन वर्षांपूर्वी असतं तर मी त्या दिवशी ताप आणला असता. यावेळी बोलले, सावकाश, कॉमा ऐकू येतील असं. मॅडम म्हणाल्या प्रॅक्टिस केलेली दिसतेय. आता त्यांना काय सांगू की मी वर्षभर जिन्यात बसून पेशवाई वाचतेय.

परीक्षेत मात्र खरं अवघड काय तर गप्प बसणं. दादा एक वाक्य अर्धं सोडून विचार करत बसतो, मिनिट जातं, माझं पेन कागदावर टेकलेलं, आणि शब्द मला सुचलेला असतो, पण तो माझा पेपर नाही. सांगेल तेच, सांगेल तसंच. मागचं वाच म्हटलं की वाचायचं. नवीन परिच्छेद म्हटलं की नवीन परिच्छेद. मी स्वभावाने मधेमधे बोलणारी, घरी विचारा, तर हे मला जड जातं अजून.

चिडचिड एकाच गोष्टीची होते. लेखनिक विद्यार्थ्यांमधूनच हवा आणि परीक्षा सगळ्यांच्या एकाच महिन्यात, म्हणजे गरज नेमकी तेव्हाच जेव्हा लेखनिकाचाही पेपर असतो. कॉलेज म्हणतं तुम्हीच शोधून आणा, मग आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज, "अर्जंट, उद्या सकाळी, कोणी आहे का". ज्याचा पेपर आहे त्याने अभ्यास करायचा की माणूस शोधायचा?

या वेळी आम्ही आधीच यादी केली, कोणाचा पेपर कधी, कोण मोकळं कधी. बुधवारी माझी कॉस्टिंग आणि दादाचा आधुनिक महाराष्ट्र एकाच वेळी आलेत, त्या दिवशी फर्स्ट इयरची एक जण बसणार आहे, नंदुरबारकडची. तिच्या आयकार्डची आणि बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स उद्या ऑफिसला द्यायची आहे, आणि संध्याकाळी तिला दादाकडे घेऊन जायचंय, वाचून दाखवायला. फार भरभर बोलते ती.