तेवढं संपवून टाक

मराठी घरातली बाई जेवते किती आणि संपवते किती, यांचा वेगवेगळा हिशेब ठेवायला हवा. जेवण पानात दिसतं, चार माणसांदेखत होतं. संपवणं होतं ओट्यापाशी, उभ्याउभ्या, डावानं किंवा सरळ बोटांनी. मग डॉक्टरांनी ‘दिवसभरात काय काय खाता?’ असं विचारलं की त्या यादीत ते कधीच येत नाही. खोटं कुणी बोलत नसतं. ते खाल्लं असं वाटतच नाही मुळी. भांडी मोकळी केली, एवढंच वाटतं.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी रात्री साडेनऊच्या सुमाराला ओट्यावर काय असतं ते सांगते. कढईत भेंडीच्या पाच-सहा चकत्या, त्याही कडेला लागून कुरकुरीत झालेल्या, म्हणजे सगळ्यात चविष्ट. कुकरच्या भांड्यात दीड डाव भात. पोळ्यांच्या डब्यात फडक्याखाली अर्धी पोळी; लेकीला नेहमी ‘अर्धीच’ हवी असते आणि उरलेल्या अर्धीचं पुढे काय होतं हा तिचा विषय नसतो. आमटी एवढीच, की वाटीत ओतली तर जेमतेम तळ झाकेल. यातलं काहीच फ्रिजमधे ठेवण्याइतकं नाही आणि काहीच टाकवणार नाही. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज येतो, “तेवढं संपवून टाक गं, उगाच भांडी अडतात.”

तर या ‘तेवढ्या’त असतं किती? अर्धी पोळी पन्नासएक कॅलरींची. दीड डाव भात सत्तर-ऐंशीचा. भेंडी तेल पिऊन बसलेली, तिचे तीसेक. सगळं मिळून दीडशेच्या घरात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी, असा एक ठोकताळा आहे. त्यानं गेलं तर रोजच्या दीडशेचे वर्षाला सात किलो होतात. शरीर काही वाण्याच्या खातेवहीसारखं चालत नाही. वजन वाढलं की ते पोसायला खर्चही वाढतो आणि आकडा कुठेतरी थबकतो. पण त्या सातातला अर्धा किलो जरी खरा धरला, तरी चाळिशी ते पन्नाशीच्या मधे आमच्या पिढीतल्या बायकांचं काय झालं याचा उलगडा होतो.

झालेलं कळतही उशिरा. परकराची नाडी कुरकुर न करता सैल होत जाते, लेगिंगचं इलॅस्टिक तर जन्मजात मनमिळाऊ. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. आपल्याकडे पोटाचा घेर बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, काटाही भारतीयांसाठी कडक लावतात. बाहेर २५ ला जास्त वजन म्हणतात, आपल्याकडे २३ लाच. हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटावर, अशी आपली ठेवण असल्यामुळे मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो. ‘मी कुठे जाड आहे, फक्त पोट आहे’ हे वाक्य आमच्या सोसायटीतला प्रत्येक गृहस्थ म्हणतो. त्यातलं ‘फक्त’ तेवढं काढायला हवं.

काही वर्षांपूर्वी घराघरांत डाएटचे दोन पंथ पडले होते ते आठवतं? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत, की कडकडून भूक लागते अशा दोनच वेळा शोधा, ५५ मिनिटांत जेवण आटपा, मधे काही नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणत, दर दोन तासांनी थोडंथोडं खा, घरचं खा, तुपाला भिऊ नका. आमच्याकडे नवरा दीक्षितांचा, नणंद दिवेकरांची, आणि दिवाळीत दोघं फराळाच्या ताटावरून जे भांडले ते पाहण्यासारखं होतं. दोघांचंही वजन उतरलं, हे कबूल करायला हवं. याचं कारण माझ्या मते दीक्षित सांगत त्या इन्शुलिनपेक्षा साधं होतं. नियम कुठलाही असो, दोघांनी ‘आत्ता माझी वेळ नाही’ असं म्हणायला सुरुवात केली. उरलेली बर्फी, कुणी आणलेला प्रसाद, पाहुण्यांसाठी फोडलेला चिवडा या सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर तयार झालं. मग ते सगळं कुणाकडे वळलं, हे सांगायला नको. दोन डाएट करणारी माणसं घरात असली की तिसऱ्याचं वजन वाढतं.

म्हणून मी पानात कमी वाढून घेण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. खाणं कमी करायचं असेल तर ते रांधतानाच करावं लागतं. एकदा कढईत पडलं की ते कुणाच्या ना कुणाच्या पोटात जाणारच.

सुरुवात तेलापासून. कोण किती तेल खातं हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण फोडणी अंदाजानं होते आणि अंदाज नेहमी उदार असतो. याला सोपा उपाय आहे. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर मार्करनं तारीख घालायची. चार माणसांच्या घरात तो महिन्याभरात संपत असेल तर माणशी रोजचं तेल ३८ ग्रॅम होतं. म्हणजे चहाचे आठेक चमचे, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी, आणि यात तूप, खोबरं, दाण्याचं कूट धरलेलंच नाही. बैठं काम करणाऱ्याला वरून घालायचं तेल-तूप दिवसाला २०-२५ ग्रॅम पुरे, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आली आहे. तो कॅन दीड महिना पुरवला की तिथे पोचतो. त्यासाठी एकच करायचं, कॅनमधून किंवा किटलीतून थेट ओतायचं नाही, चमच्यानं घालायचं. भाजी चिकटायला लागली तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं, वर झाकणात पाणी. आमच्या आज्या हेच करत, फक्त कारण वेगळं होतं. तेल महाग होतं.

आता उरलेल्याच्या पदार्थांबद्दल, कारण इथे आपली सुगरण परंपरा फार गोड दगा देते. शिळ्या पोळ्या दोन उरल्या की त्यांचा कुस्करा. म्हणजे कढईत चांगलं दोन पळ्या तेल, मोहरी, हिंग, कांदा, मिरची, दाणे, वर कोथिंबीर-खोबरं. नाहीतर पोळीचा लाडू. त्यात गूळ आणि ‘सोडत नाही तोवर’ तूप. भात उरला तर फोडणीचा भात. पोळीतल्या दोनशे कॅलरी वाया जाऊ नयेत म्हणून आपण त्यावर तेवढ्याच आणखी चढवतो, आणि तो कुस्करा इतका फर्मास होतो की ज्याला भूक नाही तोही वाटी पुढे करतो. (मुद्दाम दोन पोळ्या जास्त करून कुस्कऱ्याची सोय करणारी घरं मला माहीत आहेत. नावं सांगत नाही, शेजारी राहतात.) उरलेल्या आमटीत कणीक भिजवणं त्या मानानं बरं. भाताचा दहीभात बरा, पण भात निवला की लगेच फ्रिजमधे जायला हवा; रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात असे जिवाणू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

प्रमाणाचं शहाणपण आपल्या ताटात आधीपासून होतं, असं मला राहून राहून वाटतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद. मूद म्हणजे मापच की. वाटी दाबून भरली, उपडी केली, एवढा भात, त्यावर वरण, त्यावर चमचाभर तूप. शिजलेला भात १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी. मूद पाडली की आपण किती खाल्लं हे कळतं, डावानं लोटला की नाही कळत. मी मूद परत सुरू केली तेव्हा लेक म्हणाली, “सणबिण आहे का?” आता तिलाही सवय झाली. कोशिंबिरीला मात्र मी डावीकडून बढती दिली आहे. ती वाटीभर आणि सगळ्यात आधी. मग उसळ. पोळी त्यानंतर. आधी भाज्या-कडधान्यं आणि नंतर पोळी-भात असा क्रम ठेवला तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते आणि तिसऱ्या पोळीपर्यंत पोचायच्या आतच पुरे वाटायला लागतं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला वीसएक मिनिटं लागतात म्हणतात. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून शेवटी सात मिनिटांत जेवणाऱ्या बाईला ते भांडी घासायला टाकल्यावर कळतं.

बाहेरच्या खाण्याचं काय, असं कुणीतरी विचारेलच. ठाण्यात राहून हा प्रश्न अवघडच. स्टेशनबाहेर पडावं तर कुंजविहारचा तो भलामोठा वडापाव, एका दमात खाल्ला तर रात्रीचं जेवण नको. राम मारुती रोडला दर दहा पावलांवर काहीतरी तळलं जात असतं. संध्याकाळी तलावपाळीवर चालायला जाणारे आम्ही लोक मासुंदा तलावाला फेरी मारतो आणि पाणीपुरीच्या गाडीपाशी सुटतो. अर्धा तास झपझप चाललं तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. साध्या आकाराच्या एका वडापावात त्याच्या दुप्पट. चालणं हृदयासाठी, गुडघ्यांसाठी, झोपेसाठी करावंच. पण चालून वडा फेडता येतो या भ्रमात राहू नये.

त्याहून कठीण जागा म्हणजे लोकलचा लेडीज डबा. आमच्या सकाळच्या ठाणे लोकलमधे ग्रुपमधे कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, नसला तर लेकीची दहावी, जावेचं डोहाळजेवण, नवीन फ्लॅटचं पझेशन. मुलुंड जायच्या आत ढोकळा फिरतो. घाटकोपरला पेढे. नाही म्हणावं तर ‘माझ्या मुलाचं आहे गं’ असं ऐकावं लागतं. यावर मला सापडलेला तोडगा असा की पदार्थ हातात घ्यायचा, तोंडभर कौतुक करायचं, आणि ‘डब्यात ठेवते, चहाबरोबर खाईन’ म्हणायचं. ऑफिसात तो ढोकळा पुरुष सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत नाहीसा होतो. चहातली साखर मात्र डब्यात ठेवता येत नाही. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वर. आणि वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ती एकदम बंद केली तर चहा औषधासारखा लागतो. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जिभेला पत्ता लागत नाही.

उपासाबद्दल फार बोलत नाही, कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’मधे सगळं आलं. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, दाणे निम्मे तेल, त्यावर तूप आणि बटाटा. उपासाला मी भगर आणि ताक घेते, आणि संकष्टीला मोदक असेल तर चंद्रोदयाची वाट शांतपणे बघते.

आता लोकलच्या डब्यात नवीन विषय आला आहे तो वजन उतरवायच्या इंजेक्शनांचा. २०२५ पासून ती आपल्याकडे राजरोस मिळायला लागली आणि कुणाची वहिनी, कुणाचा दीर आठवड्याला एक सुई टोचून घेतो. आतड्यातून जेवणानंतर जे एक संप्रेरक निघतं त्याची नक्कल असते ती. पोट हळू रिकामं होतं, भूक मरते. मधुमेह आणि खरोखरच्या लठ्ठपणासाठी मोठी गोष्ट आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या ग्रुपमधल्या एकीची वहिनी घेते. तिला आता खरंच भूक लागत नाही म्हणे. मी विचारलं, “मग रात्री उरलेलं काय करते?” तर म्हणाली, “अगं, ते नवरा खातो. त्याचं चार किलो वाढलं.”

राहता राहिल्या पोळ्या. पोळ्या मोजू नयेत, बरकत जाते, असं सासूबाईंचं मत. आणि वर दोन जास्तीच्या हव्यात, अवचित कुणी आलं तर. ठाण्यात आता अवचित कुणी येत नाही. माणसं आधी मेसेज करतात, मग गेटवरून सिक्युरिटीवाला फोन करतो, मग लिफ्ट. तरी त्या दोन पोळ्या रोज व्हायच्या, आणि त्यांची वाट आपल्याला आता माहीत आहेच. शेवटी मी कणीक मळायच्या आधी प्रत्येकाला विचारायला लागले, किती खाणार, आकडा सांग, अर्धी-बिर्धी चालणार नाही. सासूबाईंनी दोन-चार दिवस अबोला धरला. मग एका दुपारी डबा उघडून रिकामा तळ बघितला आणि म्हणाल्या, “आणि आत्ता कुणी दारात उभं राहिलं तर गं?”

“तर मामलेदारची मिसळ मागवू, आई.”

त्या जरा थांबल्या. “मग नुसती पाहुण्याला नको. मलाही सांग एक. तिखट नको, मीडियम.”