रजा, पण सक्तीची

"ऑफिसचा मेल उघडायचीही परवानगी नाही," शेजारीण म्हणाली. लॅपटॉप डायनिंग टेबलावर बंद, वर मुलीची चित्रकलेची वही.

नवराबायको दोघंही इथल्याच, अमेरिकेतल्या नॉरफोकच्या नौदल तळावर. तो गणवेशात, ही साध्या कपड्यांत सुट्या भागांचा हिशेब बघते. २०२५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, सरकारी खर्च मंजूर केला नाही आणि १ ऑक्टोबरपासून ही बिनपगारी घरी होती. सैनिकांच्या पगारासाठी मात्र दुसरीकडचा निधी वळवला. त्यांना मिळायलाच हवा, पण हिचं काय?

२०१३ च्या खर्चकपातीत संरक्षण खात्याच्या सुमारे साडेसहा लाख नागरी (बिनगणवेशाच्या) कर्मचाऱ्यांवर अशीच रजा लादली होती. बहुतेकांचा ६ दिवसांचा पगार बुडाला तो बुडालाच. आता २०१९ च्या कायद्यानं थकलेला पगार मागाहून मिळतो म्हणे. घरमालक मागाहून घेतो का भाडं?

आणि सुटा भाग वेळेत पोचला नाही, तर जहाजावरचा तो गणवेशवाला तरी काय करणार?