चोवीस तासांचा 'सायको' आणि दोन समोसे

एप्रिल २०१०. आइसलंडच्या ज्वालामुखीने राख ओकली, ब्रिटनमधली विमानं जागच्या जागी थांबली आणि मी ग्लासगोत ताईकडे अडकलो. दोन दिवस मी बातम्या बघत बसलेला पाहून ताई म्हणाली, "ट्रामवेला जा बरं. तुझा 'सायको' लागलाय तिथे. चोवीस तासांचा आहे, तेवढाच वेळ जाईल."

ग्लासगो सेंट्रलवरून लोकलने पहिलंच स्टेशन, पोलॉकशील्ड्स ईस्ट. बाहेर पडलो तर साड्यांची दुकानं, मिठाईवाले, उर्दू पाट्या. तिथेच ट्रामवे, म्हणजे हा १८९३चा ट्राम डेपो. १९८८ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुक यांचं 'महाभारत' हे नाटक इथे झालं आणि डेपोचं कलाकेंद्र झालं. मल्लिका साराभाईंची द्रौपदी याच छपराखाली उभी राहिली होती! जमिनीत ट्रामचे रूळ अजून आहेत. अंधारात ते बुटाखाली जाणवतात.

हा चोवीस तासांचा 'सायको' करणारा कलाकार डग्लस गॉर्डन ग्लासगोचाच. त्याने हिचकॉकचा १९६०चा, १०९ मिनिटांचा थरारपट 'सायको' ताणून २४ तासांचा केला. सेकंदाला साधारण दोन फ्रेम, आवाज बंद. १९९३ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला तो इथेच. या वेळी मात्र पडदे दोन होते: एकावर सिनेमा सुरुवातीपासून सुलट, शेजारच्यावर शेवटापासून उलट. मध्यावर कधीतरी दोन्हीकडे एकच फ्रेम येणार.

मी पोचलो तेव्हा सुलट पडद्यावर मोटेलवाला नॉर्मन सँडविचचा ट्रे घेऊन उभा होता. बिचारा, लाजरा मुलगा; पुढे खुनी निघणारा तो हाच. आणि शेजारी, त्याच सिनेमात पुढे जिन्यावरून कोसळून मरणारा डिटेक्टिव्ह तळापासून हात फेकत, पाठमोरा नाही, तोंड आपल्याकडे करून वर वर जात होता. मूळ सिनेमात हे काही सेकंदांत संपतं आणि आपण किंचाळतो. इथे दोन-तीन मिनिटं गेली. वर पोचता पोचता चेहऱ्यावरचा रक्ताचा ओघळ मिटला आणि माणूस हातात टोपी धरून धडधाकट उभा. गंमत वाटायला हवी होती. मला मात्र घाम फुटला. कारण डावी-उजवीकडे बघताना खुनी आणि खून एकाच वेळी दिसत होते, आणि ट्रेमधल्या सँडविचला मोटेलमध्ये उतरलेल्या मॅरियनने अजून हातही लावला नव्हता. किंचाळ्या, व्हायोलिनं, सगळं काढून घेतल्यावरही भीती उरते, उलट जास्तच टिकते, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तासभर रुळावर बसून काढला. मनातल्या मनात हिशोब केला: शॉवरमधल्या मॅरियनच्या खुनाला अजून दोन तास तरी होते. पोटात कावळे ओरडायला लागले होते.

कोपऱ्यावर दोन गरम समोसे खाल्ले, चहा घेतला. "इंडियासे? फ्लाइट बंद है ना?" दुकानदाराने चौकशी केली, तिसरा समोसा आग्रहाने वाढला. अर्ध्या तासाने परतलो. सिनेमा सव्वादोन मिनिटं पुढे सरकला होता. मॅरियन अजून सँडविचच खात होती.