डॅनियल फ्रीमनची १६० एकर

अमेरिकेच्या यादवी युद्धातला, उत्तरेच्या सैन्यातला एक माणूस, १८६३ सालचा पहिला दिवस आणि मध्यरात्र उलटताच उघडलेली जमीन कचेरी. डॅनियल फ्रीमनची गोष्ट नेब्रास्का राज्यात अशी सांगतात. राहून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा त्याच दिवसापासून लागू होणार होता आणि फ्रीमनला लगेच सैन्यात परतायचं होतं. म्हणून ब्राउनव्हिलच्या कारकुनाला गळ घालून त्याने रात्रीच अर्ज दिला म्हणे. खरंखोटं काहीही असो, सरकारने पुढे पहिला होमस्टेडर म्हणून त्यालाच मान दिला आणि त्याच्या शेताचं राष्ट्रीय स्मारक झालं.

लिंकन शहरातून दक्षिणेला बीॲट्रिसकडे निघालो, तर दोन्ही बाजूंना नुसता मका. स्मारकाच्या हद्दीत मात्र गवत, तेही माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. फ्रीमनने नांगरलेल्या रानात १९३९ पासून मुद्दाम मूळचं गवत लावलं आहे. पायवाटेने चालताना पुढचं माणूस दिसत नव्हतं. ही मुळं उपटून शेत काढायचं म्हणजे काय, ते तिथेच उमगलं.

कायद्याची अट होती पाच वर्षं राहून जमीन कसण्याची. १८७२ मध्ये माजी सैनिकांची लष्करातली वर्षं त्यात धरायची सवलत मिळाली. फ्रीमनला तिची गरज पडली नाही. युद्ध सरता सरता त्याने ॲग्नेसशी लग्न केलं. ती आधी त्याच्या भावाची वाग्दत्त वधू होती; तो भाऊ युद्धात गेला. फ्रीमन आणि ॲग्नेस, दोघांच्या कबरी याच शेतात आहेत.

ही जमीन फुकट मिळाली असं आपण सहज म्हणतो. पण १८५४ पर्यंत इथे ओटो-मिसुरिया या मूळ रहिवासी लोकांचा हक्क होता. १८८१ मध्ये त्यांना ओक्लाहोमाकडे हलवलं. त्यांच्याबद्दल वाचल्याशिवाय इथून निघू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी सर्वाधिक रमलो ते जवळच्या फ्रीमन शाळेत. लाल विटांची, १८७२ ची, एकाच खोलीची. इथे शिक्षिका बायबल वाचून दाखवायची, प्रार्थना म्हणून घ्यायची. सरकारी शाळेत हे चालणार नाही, म्हणून शाळा मंडळाविरुद्ध फ्रीमन कोर्टात गेला. गावात किती रोष पत्करला असेल त्याने! पहिल्यांदा खटला हरला, तरी मागे हटला नाही. मला मध्यरात्रीच्या अर्जापेक्षा हा फ्रीमन मोठा वाटतो. १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता.