थरथरत उभा राहिलेला गवा

सोलापुरात घरी बसून मी एका मल्टिप्लेअर खेळाच्या संतुलनाचे काम करते. त्यात प्राण्यांना होणारी रेंगाळणारी इजा, म्हणजे विष, रक्तस्राव आणि भाजणे, माझ्याकडे आहे. बाणाच्या विषाचा एक आकडा ठरवला की झाले, असे बाहेरच्यांना वाटते. आमच्या खेळात मात्र लांडग्याची हेल्थ, म्हणजे जीव जाईपर्यंत सोसता येणारी इजा, ४०० आणि गव्याची ९००० आहे. दर सेकंदाला ६ असे १० सेकंदांचे विष लांडग्याला जाणवते, गव्याच्या ते खिजगणतीतही नसते. तेच एकूण हेल्थच्या टक्केवारीत दिले, तर खडकावर चढून बसलेला एकटा तिरंदाज बाणामागून बाण मारून कोणतेही मोठे जनावर निवांत संपवतो. म्हणून मी टक्केवारी ठेवून तिला प्रतिसेकंद कमाल मर्यादा घातली.

त्या संध्याकाळी चाचणीत चार खेळाडूंनी एका गव्यावर विषारी बाण सोडले आणि गवा जागीच अडकला. मान खाली घालायचा, अर्धे पाऊल उचलायचा आणि अंग झटकून पुन्हा होता तिथे यायचा; मरेपर्यंत त्याचे हेच चालले. सहकाऱ्यांनी तक्ता पाहून सांगितले, की तो अपेक्षित वेळेतच मेला, आकडे जुळतात, पुढे चला. आकडे जुळले की डोळ्यांसमोरचे न पाहण्याची सवय आमच्या धंद्यात फार आहे.

लॉग, म्हणजे खेळातील क्षणाक्षणाची नोंद, उघडल्यावर कारण दिसले. प्रत्येक विषाचे घड्याळ आपापला बाण लागल्या क्षणापासून चालत होते, त्यामुळे सेकंदात चार वेळा इजा होई. प्रत्येक इजेला जनावर दचके, आणि दचकले की हल्ल्याची तयारी रद्द होई. खेळाडूला विषाने दचकायला होत नाही, शिवाय त्याच्या कमरेला उतारा असतो. गव्याला या दोन्ही सवलती नाहीत, आणि त्याच्या वतीने तक्रार करणाराही कोणी नाही. मी थेट फटका आणि रेंगाळणारी इजा वेगळी केली, एका जनावरावरील सर्व विषे एकाच घड्याळाला बांधली आणि दचकण्याऐवजी लंगडणे दिले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मी लंगडणारा लांडगा पाहिला आहे. तो थांबत नाही, वेग कमी करून अंतर राखतो. पुढच्या चाचणीत गवा लंगडत धावून आला आणि चौघांना पळ काढावा लागला.

पाळीव लांडग्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मालकाने शीळ घालून त्याला आत घेतले, म्हणजे खेळाच्या मैदानातून तात्पुरते नाहीसे केले, तर विषाचे घड्याळ थांबावे का? २००५च्या सप्टेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळामध्ये हक्कार या बलाढ्य शत्रूचा ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्ग शिकारी वर्गाच्या खेळाडूंनी आत घेतलेल्या पाळीव प्राण्यांमध्ये तसाच टिकला, शहरात त्यांना बाहेर काढताच पसरला आणि नवखे खेळाडू पटापट मेले. आमचे विष संसर्गजन्य नाही, असे एक वरिष्ठ म्हणाले. पण माझा मुद्दा गोठलेल्या घड्याळाचा होता. शेवटी आत असताना घड्याळ चालावे, इजा मात्र होऊ नये, असे ठरले. आता खेळाडू बाण लागताच लांडगा आत घेतात आणि दहा सेकंदांनी ठणठणीत बाहेर काढतात, म्हणजे उतारा फुकटच मिळतो. विष असताना आत घेण्यास बंदी केली, तर उतारा संपलेल्या मालकासमोर त्याचे जनावर तडफडून मरेल. माइनक्राफ्ट या खेळातील विष जीव घेत नाही, अर्धे हृदय, म्हणजे अगदी थोडी हेल्थ, शिल्लक ठेवून थांबते. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या पुढच्या आवृत्तीत, ही बंदी आणि तशीच तळमर्यादा, दोन्ही एकत्र लावून पाहावीत असा माझा आग्रह आहे.